क्वेरीचा उजवा काठ

प्रश्न विचारणं कोणालाही जमतं. तो सरळ उभा करायला संस्कार लागतात. उत्तराचं काय व्हायचं ते होवो, पण प्रश्न रांगेत, ओळीत आणि दोन्ही बाजूंना काठ धरून उभा असला पाहिजे, ही सुधारलेल्या प्रशासनाची पहिली खूण आहे. जिथे प्रश्न वेडेवाकडे विचारले जातात तिथले लोक उत्तराची वाट बघत बसतात आणि कामाचा खोळंबा होतो. मावळ तालुक्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून लोणावळ्यात नदीकाठ सूचना केंद्र उघडण्यात आलं.

केंद्र लोणावळ्यातच का, असं काही विघ्नसंतोषी लोक विचारत. पाण्याचा धोका खाली टाकव्याकडे, सुदुंबऱ्याकडे, आणि कचेरी मात्र घाटमाथ्यावर, चिक्कीच्या दुकानाच्या माडीवर. याचं उत्तर सोपं होतं. कितीही पाणी आलं तरी केंद्राला धोका नव्हता, आणि अभ्यासदौऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना धबधबे जवळ पडत. पहिल्या वर्षी एकतीस अभ्यासदौरे आले. त्यांतले अठ्ठावीस शनिवारी आले.

केंद्राचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं, म्हणून माहितीपुस्तिकेत ते छप्पन्न पानांत सांगितलं होतं. धरणातून पाणी सोडायच्या आधी काठच्या लोकांच्या मोबाईलवर संदेश पाठवायचा, बस. त्यापूर्वी हे काम टाकवे बुद्रुकचे दूधवाले रज्जाकभाई करत. धरणावरचा गेटमन त्यांना फोन करी, आणि रज्जाकभाई दुधाच्या कॅनसकट मोटारसायकल नदीच्या कडेकडेने पळवत, हॉर्न दाबून धरत, ओरडत जात, "पाणी सुटतंय! वर या!" या पद्धतीत बारा वर्षांत एक माणूस की एक जनावर वाहून गेलं नाही. (याची कुठेही नोंद नाही, त्यामुळे ते अधिकृतरीत्या घडलेलं नाही.) केंद्र उघडल्यावर गेटमनचा फोन थांबला, पण पाण्याची कुणकुण लागली की रज्जाकभाई अजूनही निघत.

या केंद्रात चिंतामणी गराडे डेटाबेस सहायक होता. पदाच्या पुढे कंसात 'तात्पुरता' असा शब्द होता आणि तो चार वर्षं कायम होता. माणूस हुशार, स्वभावाने गरीब. रोज तळेगावहून डबा घेऊन यायचा, साडेदहाला खुर्चीवर बसायचा आणि क्वेरीची राखण करायचा.

क्वेरी म्हणजे संगणकातल्या माहितीच्या साठ्याला लेखी विचारलेला प्रश्न. केंद्राकडे क्वेरी एकच होती. ती साठ्याला म्हणायची, खालच्या बावीस गावांतल्या लोकांचे मोबाईल नंबर दे. खाली बावीस नावं, एका ओळीत एक. नंबर मिळाले की संदेश आपोआप सुटायचे. एवढ्यासाठी एक संचालिका, एक सल्लागार, एक सहायक, दोन वातानुकूलन यंत्रं आणि एक पाहुणेकक्ष होता.

या बावीस नावांत धाकट्या जांभळीची खडकवस्ती नव्हती. टाकव्याच्या खालच्या अंगाला, अगदी नदीला लागून, अकरा घरं. यादी ज्या नकाशावरून केली त्या नकाशाची घडी नेमकी या वस्तीवर पडत होती, आणि घडी उलगडून बघण्याची तरतूद पुस्तिकेत नव्हती.

हे केंद्राच्या लक्षात आलं ते शकुबाईंमुळे. साठीच्या पुढची बाई, एस.टी.ने लोणावळ्याला आली, जिना चढून माडीवर आली आणि ओला पदर पिळत चिंतामणीच्या टेबलापाशी उभी राहिली.

"सायेब, गेल्या साली पानी सोडलं तवा वरच्या बंगल्यावाल्यांना मेसेज आला. आमाला न्हाई आला. आमची वस्ती त्यांच्या खाली हाय. पानी काय त्यांच्या गेटापाशी थांबून ऱ्हातंय व्हय?"

चिंतामणीने तिला बसायला खुर्ची दिली. तेव्हा तिने सगळं सांगितलं. तिच्याकडे एक म्हैस होती, चंदरी. गाभण. काठची सगळी कुरणं फार्महाऊसांनी तारेच्या कुंपणात घातलेली, उरल्या जागेत भात उभं. चरायला राहिलं ते नदीतलं एक बेट. धरण भरेपर्यंत खाली नदीला गुडघाभर पाणी असतं. शकुबाई दुपारी म्हैस बेटावर सोडायची आणि संध्याकाळी आणायची. पाणी सुटायच्या आधी अर्धा तास कळलं तर म्हैस येते. नाही कळलं तर नाही येत. याच्यात समजायला अवघड असं काही नव्हतं.

"मावशी, एक ओळ घालायची आहे," चिंतामणी म्हणाला. "काळजी करू नका. तुमचा नंबर सांगा."

ओळ टाइप करायला त्याला चौदा सेकंद लागले. (पुढची प्रक्रिया एकोणीस दिवसांची.) त्या दिवशी धरण एकाहत्तर टक्के भरलेलं होतं.

आता क्वेरीत कोणताही बदल करायचा तर दर्शनी शिस्तीची मंजुरी लागे. हा नियम संचालिका वासंती पेठे यांनी घातला होता. मॅडम अत्यंत प्रामाणिक बाई. आपल्याला क्वेरीतलं काही कळत नाही हे त्या स्वतःहून सांगत, आणि म्हणूनच आपण तिच्याकडे निःपक्षपातीपणे बघू शकतो असंही सांगत. बघण्यासाठी त्यांच्याकडे पारदर्शक प्लॅस्टिकची फूटपट्टी होती. क्वेरी ब्राउझरमध्ये उघडायची, मॅडमनी पडद्याला पट्टी लावायची, स्वल्पविरामाखाली स्वल्पविराम आणि बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह आलं की मंजुरी. मंजूर झालेली क्वेरी पडद्यावरूनच उचलायची आणि जशीच्या तशी साठ्याला द्यायची, दुसरी कुठली प्रत वापरायची नाही, हाही नियमच. कारण मॅडमनी जे बघितलं तेच चाललं पाहिजे.

चिंतामणीच्या मशीनवर क्वेरी कवायतीला उभी असल्यासारखी होती. ब्राउझरमध्ये उघडली तर सगळी डावीकडे जाऊन पडली.

"गराडे, हा प्रश्न आहे की रविवारी टायगर पॉइंटला आलेली मंडळी?" मॅडम म्हणाल्या आणि पट्टी पर्समध्ये ठेवून दिली.

यात चिंतामणीचा दोष नव्हता. ब्राउझरला एक खोड असते. तुम्ही त्याला आठ मोकळ्या जागा द्या, ऐंशी द्या, तो एक ठेवतो आणि बाकीच्या गिळतो. चिंतामणीने जागा घातल्या, गिळल्या. टॅब घातले, तेही गिळले. मग त्याने मोकळ्या जागी टिंबं भरली. ओळी सरळ आल्या, पण क्वेरीला गोवर आल्यासारखं दिसतंय, असा शेरा पडला. वास्तविक एक साधी खूण घातली की ब्राउझर सगळ्या जागा जिथल्या तिथे ठेवतो, हे चिंतामणीला माहीत होतं. परंतु त्या खुणेबरोबर जो टंक, म्हणजे अक्षरांचा साचा, येई तो केंद्राच्या मंजूर टंकांत नव्हता. टंक मंजूर करणारी समिती जानेवारीत बसे.

धरण अठ्ठ्याहत्तर टक्के.

या टप्प्यावर पुण्याहून दर्शनी शिस्त सल्लागार बोलावण्यात आले. विहंग नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण, सुरेख बूट घातलेला. त्याने क्वेरी लांबून पाहिली, जवळून पाहिली, मान तिरकी करून पाहिली आणि निदान केलं की डावा काठ हा मुळात आजार नव्हेच, दुखणं उजव्या काठाला आहे. बावीस गावं कशी आपापल्या जागी नांदत होती, आणि ही नवी वस्ती सगळ्यांच्या पुढे चार अक्षरं निघून जात होती.

"नाव जरा जास्तच होतंय," तो म्हणाला. "अकरा घरांना एवढं कशाला लागतं?"

मॅडमना हे एकदम पटलं. खरंच, टाकवे बुद्रुक केवढं मोठं गाव, आणि नाव किती आटोपशीर. आता बावीस गावांची नावं लांबवावीत की एका वस्तीचं आखडावं, यावर दोन बैठका झाल्या. लांबवण्याच्या बाजूने बोलताना विहंगने तिकोणा पेठेच्या मागे 'श्रीक्षेत्र' लावण्याची आणि सुदुंबऱ्याच्या पुढे 'गाव' जोडण्याची सूचना केली. तिसऱ्या एका गावाला काहीच शोभेना, म्हणून त्याच्यापुढे 'वगैरे' असा शब्द सुचवण्यात आला. शेवटी आखडण्याचा पर्याय जनतेला कमी त्रासाचा, असं एकमताने ठरलं. (जनता म्हणजे उपस्थित तिघे.) खडकवस्तीला पत्र गेलं की आपण आपलं नाव सात अक्षरांच्या आत आणावं.

वस्तीने हे काम पाच मिनिटांत केलं. शकुबाईच्या ओट्यावर अकरा घरची माणसं जमली, 'खडकी' असं नाव ठरलं, अर्ज झाला, सह्या झाल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. शकुबाईने फोन केला.

"सायेब, नाव बदललं आमी. अजून काय बदलायचं आसंल तर सांगा. पर मेसेज धाडा. धरान भरत आलंय. मी रोज दुपारी घटका-घटकेला खडकावर चढून दारं बघत्ये. गुडघं ऱ्हायलं न्हाईत."

अर्ज तिसऱ्या दिवशी परत आला. सह्या आणि अंगठे एका रेषेत नव्हते.

चिंतामणीला त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे इथे नमूद केलं पाहिजे. सह्या-अंगठ्यांचा तो कागद त्याने फाईलला लावला, काढला, पुन्हा लावला. मॅडमच्या केबिनपर्यंत जाऊन आला. दार वाजवायला हात उचलला तेव्हा त्याला आठवलं की नोव्हेंबरमध्ये आपला करार नव्याने व्हायचा आहे. हात त्याने डोक्याकडे नेला आणि केस सारखे केले. धरण शहाऐंशी टक्के.

पंधराव्या दिवशी विहंगने तो शोध लावला, ज्याबद्दल केंद्राचं नाव पुढे बरंच झालं. मोकळी जागा दोन प्रकारची असते. एक साधी, जी ब्राउझर गिळतो. दुसरी चिकट. ही चिकट जागा दिसायला रिकामी असते, पण आतून ती एक पक्कं चिन्ह असते, त्यामुळे ब्राउझरला ती गिळता येत नाही. मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं. भरलेली दिसतात आणि आतून रिकामी असतात अशी माणसं त्यांच्या परिचयाची होती. हा उलटा प्रकार त्यांनी प्रथमच ऐकला.

मग चार दिवस चिंतामणी आणि विहंग चिकट जागा भरत बसले. आणि इथे एक गोष्ट घडली, जी चिंतामणीने पुढे कोणाला सांगितली नाही. त्याला ते आवडायला लागलं. एक चिकट जागा घातली की ओळ केसभर सरके. अर्धी घालता येत नसे, मग वरच्या ओळीतली एक काढायची, खालच्या ओळीत दोन घालायच्या. हळूहळू स्वल्पविराम एकाखाली एक येत गेले. डावा काठ बसला, उजवा काठ बसला. खडकवस्तीचं ते लांबलचक नाव, जे सगळ्यांच्या पुढे चार अक्षरं जात होतं, तेसुद्धा शेवटी इतरांच्यात असं मिसळून गेलं की शोधावं लागे. एकूण सहाशे चाळीस चिकट जागा लागल्या. चिंतामणीने क्वेरीचा फोटो काढला आणि घरी बायकोला दाखवला.

"छान दिसतंय," श्रद्धा म्हणाली. "काय करतं ते?"

"अजून काही करत नाही," चिंतामणी म्हणाला. त्या घरात त्या संध्याकाळी बोललं गेलेलं हे सगळ्यात खरं वाक्य होतं.

एकोणिसाव्या दिवशी मॅडमनी पडद्याला पट्टी लावली. वरून खाली नेली, डावीकडून उजवीकडे नेली. मॅडमनी पट्टी बाजूला केली, चष्मा काढला, आणि 'सुंदर' एवढंच म्हणाल्या. पेढे आले. क्वेरी पारदर्शकतेसाठी केंद्राच्या संकेतस्थळावर ठेवण्यात आली, आणि नागरिकांना मत देता यावं म्हणून खाली 'सुबक' असं एक बटन देण्यात आलं. (दुसरं बटन नव्हतं.)

"एकदा चालवून बघायची का?" चिंतामणीने विचारलं. पेढा तोंडात असल्यामुळे हे जरा अस्पष्ट आलं, पण विचारलं हे खरं.

"पाणी न सोडता संदेश? लोक घाबरतील, गराडे," मॅडम म्हणाल्या. "आणि बघायचं काय राहिलंय? बघितलीच की आपण."

यावर चिंतामणीने दुसरा पेढा घेतला. मग त्याने दोन फोन केले. पहिला रज्जाकभाईंना. आता खडकवस्तीचं नाव यादीत आलं आहे, तेव्हा आपण काठाने हॉर्न वाजवणं थांबवावं, अनधिकृत सूचनेने गोंधळ होतो, असं पत्र केंद्राकडून निघतंय.

"बरं झालं," रज्जाकभाई म्हणाले. "माझं बी वय झालं. रस्ता लय खराब हाय तिकडचा. पर सायेब, नक्की ना?"

"नक्की."

दुसरा फोन शकुबाईला.

"मावशी, झालं तुमचं काम. पाणी सुटायच्या आधी अर्धा तास मेसेज येणार."

ती म्हणाली, "देव तुमचं भलं करो. आता मी खडकावर न्हाई चढत. फोन पिशवीत घालून कमरंला लावत्ये, म्हंजी आवाज आला की कळंल." त्या आवाजात एवढा आनंद होता की चिंतामणीला लाज वाटायला हवी होती. त्याला अभिमान वाटला.

एकविसाव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी धरणावरून निरोप आला. शंभर टक्के, चार वाजता दारं उघडतोय.

चिंतामणीने नियमाप्रमाणे क्वेरी पडद्यावरून उचलली, साठ्याला दिली आणि बटन दाबलं. साठ्याने उत्तर दिलं: पहिल्या ओळीत अनोळखी चिन्ह. चिंतामणीने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. सातव्यांदा दाबल्यावरही तेच. साठ्याला साध्या जागा कळत होत्या. चिकट जागा म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो प्रश्नच नव्हता, सहाशे चाळीस खिळे ठोकलेली एक पाटी होती.

तो केबिनमध्ये धावला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या जागा काढल्या तर चालेल?"

"लगेच चालेल."

"पण मग ओळी पुन्हा विस्कटणार."

"हो, मॅडम."

"मग ती मंजूर झालेली क्वेरी राहणार नाही, गराडे." मॅडमनी हे रागावून सांगितलं नाही. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. विहंगने सुचवलं की साठा बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहून चिकट जागा ओळखायला सांगावं. मसुदा त्याने लगेच करायला घेतला. समास चांगले सोडले.

तीन वाजून तीस मिनिटं. चिंतामणी आपल्या खुर्चीवर येऊन बसला. त्याच्या मशीनवर ती पहिली क्वेरी अजून होती. चौदा सेकंदांत टाइप केलेल्या ओळीसकट, मंजुरी नसलेली. ती चालली असती. संदेश बावीस गावांना आणि एका वस्तीला गेले असते. एक बटन दाबायचं होतं. बोट बटनावर होतंही. त्याने केबिनच्या काचेकडे पाहिलं. मॅडम त्याच्याकडेच बघत होत्या, हातात पट्टी होती. त्याने बोट उचललं. तो भ्याला, याला दुसरा शब्द नाही, आणि सरकारी भाषेतही तो सापडला नाही.

मग तो जिन्यात गेला आणि रज्जाकभाईंना फोन लावला. रज्जाकभाई कामशेतला होते. "आता कसा पोचू सायेब? तुमीच थांब म्हनालात!" असं ओरडले आणि मोटारसायकलला किक मारल्याचा आवाज आला.

तीन एकेचाळीसला शकुबाईने फोन उचलला.

"मावशी, पाणी सुटतंय! चार वाजता! चंदरीला बाहेर काढा!"

"न्हाई सुटत अजून," शकुबाई म्हणाली. "मेसेज न्हाई आला."

"मेसेज येणार नाही, मावशी. मी सांगतोय ना!"

"आसं कसं? तुमीच म्हनालात, मेसेज येनार. पिशवीतच हाय फोन. आला की काडते तिला. आत्ताच सोडलीया, उपाशी हाय ती." आणि त्याची समजूत काढल्यासारखं म्हणाली, "तुमी नका घाबरू सायेब. आता नाव हाय न्हवं आमचं यादीत."

चिंतामणी ओरडला, विनवण्या केल्या, शपथ घातली. खाली चिक्कीच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायला लागली. शकुबाईला त्याचं पटायला सात मिनिटं लागली. म्हणजे चार वर्षांत केंद्राने लोकांच्या मनात जो विश्वास निर्माण केला होता तो मोडायला माणसाला सात मिनिटं लागतात, असं म्हणता येईल. मग तिने फोन ठेवला आणि ती बेटाकडे निघाली. पण गाभण म्हैस, भरपूर चारा समोर, ओढली म्हणून येते थोडीच. रज्जाकभाई हॉर्न दाबत काठावर पोचले तेव्हा पाणी कमरेच्या वर चढलं होतं. त्यांनी मोटारसायकल तशीच टाकली, कॅनच्या दोराचं एक टोक आंब्याला बांधलं आणि शकुबाईला बाहेर ओढून आणलं. तिच्या मुठीत दावं होतं. दुसऱ्या टोकाला काही नव्हतं.

इतर गावांत हानी झाली नाही. बंगलेवाले मंगळवारी नसतात, आणि बाकीचे लोक जुन्या सवयीने आभाळाकडे बघून वर आले होते.

चौकशी झाली. अहवाल बत्तीस पानांचा होता आणि त्याचे दोन्ही काठ पाहण्यासारखे होते. क्वेरीची मांडणी निर्दोष असून अपयश यंत्राच्या ग्रहणशक्तीचं आहे, असा निष्कर्ष निघाला. हानीच्या रकान्यात 'एक' असं लिहिलं होतं आणि तो आकडा रकान्याच्या बरोबर मध्यावर आला होता. रज्जाकभाईंकडून पत्राचा भंग झाल्याबद्दल खुलासा मागवण्यात आला.

पंधरवड्याने शकुबाई पुन्हा माडीवर आली. भांडायला आली असेल असं समजून मॅडम पाहुणेकक्षात गेल्या. ती भांडली नाही. चिंतामणीच्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "दावा बरं, आमचं नाव कुटं लिवलंय ते."

चिंतामणीने पडद्यावर बोट ठेवलं. शकुबाई वाकली. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण ओळी दिसत होत्या. तिने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लय सरळ हाय," ती म्हणाली. "म्हस बी सरळच गेली. जराबी हिकडं तिकडं झाली न्हाई."

आणि ती जिना उतरून गेली. त्या दिवशी चिंतामणीला स्वतःची एवढी किळस आली की त्याने राजीनामा टाइप केला. नोव्हेंबरमध्ये करार नव्याने झाला, तेव्हा तो राजीनामा त्याच्या मशीनवर होता; डाव्या काठाला अजून काम बाकी होतं.

क्वेरी अजूनही केंद्राच्या संकेतस्थळावर आहे, चिकट जागांसकट. तिच्या शेजारी केंद्राने एक रिकामी चौकट दिली आहे. तिच्यात आपल्या गावाचं, वस्तीचं किंवा सोसायटीचं नाव घातलं की ते यादीत आहे की नाही हे कळतं. अर्धं मिनिट लागतं. आजवर हे पान एकेचाळीस हजार वाचकांनी उघडलं, सरासरी नऊ सेकंद पाहिलं, आणि त्यांतल्या अडतीस हजारांनी 'सुबक'चं बटन दाबलं. शेजारच्या चौकटीत एकूण तीन नावं घातली गेली. तिन्ही चिंतामणीने घातली.

केंद्राला त्याची चिंता नाही. हे सगळं वाचून तुम्ही हळहळाल, म्हशीबद्दल चार शब्द बोलाल, वासंती मॅडमना हसाल, आणि आपलं नाव बघायला मात्र जाणार नाही, हे केंद्राने पहिल्या दिवशीच गृहीत धरलेलं आहे. केंद्राचा आजवर न चुकलेला अंदाज तेवढा एकच आहे.